होडेकरांच्या घराचं रीडिंग

अकरा वर्षं कुलूप आहे आणि मीटर फिरतो.
महिन्याला नऊ युनिट. कधी दहा.
होडेकर कुवेतला गेले; थोरला तिथेच दफन झाला,
धाकट्याचा फोन लागत नाही.
बिल मात्र भरलं जातं, खिडकीवर, रोख,
दहा-वीसच्या नोटांनी, ज्यांना सुक्या बोंबलाचा वास येतो.
कोण भरतं विचारलं तर कॅशियर म्हणतो,
रांगेत माणसं असतात.

जुवेकर साहेबांनी कागद पुढे सरकवला.
"चोरी की लीकेज, बघून ये."
तिसरी शक्यता फॉर्मवर नव्हती.

मोरवंडीत तिसरीच सगळ्यांना ठाऊक.
गाबीतवाड्यात म्हणाले गिऱ्हा,
खाडीतून वर येतो, पायऱ्यांवर ओली पावलं उमटतात.
मोहल्ल्यात म्हणाले खवीस.
चहावाल्या बाबल्यानं दोघांनाही मान्यता दिली
आणि चहाचे पैसे आधी घेतले :
"रातचो थय जातंस, सकाळी कोण देतलो?"

खांबापासून घरापर्यंत आकडा नाही, चोरजोड नाही.
मेन चालू, आणि चकती गप्प.
म्हणजे लीकेज नाही.
म्हणजे कोणीतरी बटण दाबतं.

किल्ली सुग्राबीकडे. ती जाळं शिवत होती,
वर न बघता म्हणाली, "खिळ्याक आसा, घे."

दार फुगलेलं, खांद्यानं उघडलं.
मिठाचा वास, वटवाघळांचा वास.
खालच्या खोल्यांत नाव लिहिता येईल इतकी धूळ.
जिन्यावर मात्र मधोमध
एका पावलाच्या रुंदीची स्वच्छ वाट.
वर, पश्चिमेच्या खिडकीत, एकच होल्डर,
साठचा बल्ब, काच पुसलेली.

साठ वॅट, चार तास, तीस रात्री :
सात युनिट आणि थोडं.
हे मी तळहातावर लिहिलं आणि बसून राहिलो.

दहाला कौलांवर कोणी चाललं. कांडेचोर. शेपूट पाहिली.
साडेदहाला जमिनीखाली कुणी श्वास घेतला.
भरती, जांभ्याच्या भेगेतून विहिरीत शिरणारी.
तेही मोजलं, लाटेगणिक.
सव्वाअकराला खाली भांडं सरकलं.
त्याचं कारण सापडलं नाही.

कोणी आलं नाही.
मी आहे म्हणून कोणी येत नाही
हे कळायला बारा वाजले.

तेव्हा खाडीच्या मुखाशी इंजिन ऐकू आलं,
मग दुसरं, मग आणखी,
आत न शिरता जागच्या जागी धडधडणारी,
गोठ्याचं दार बंद असलं की गुरं थांबतात तशी.
अवसेची रात्र. खाली मशिदीच्या मिनारावर हिरवा दिवा,
एकटाच.
आणि एकट्या दिव्यानं रेतीची पट्टी चुकवता येत नाही.
दोन लागतात, एकावर एक दिसेपर्यंत सुकाणू धरायचं.
बापानं शिकवलं होतं मला हे, तांडेल होता,
मग मी वीज मंडळात लागलो.

उठून बटण चाचपलं.
कोमट होतं.

दिवा लागला. इंजिनांनी सूर बदलला,
एकामागून एक आत आल्या, पाच मोजल्या,
आणि शेवटच्या होडीतून कोणीतरी
खिडकीकडे हात वर केला,
रोजच्या माणसाला करतात तसा, आळसावलेला.
मीही केला. दिसला असेल की नाही, माहीत नाही.

सकाळी किल्ली परत दिली.
"काय गावला?"
"कांडेचोर," मी म्हटलं.
सुग्राबी हसली नाही. सुईत दोरा ओवत म्हणाली,
"काल उशीर केलंस रे लावूक."

फॉर्मवर लिहिलं : घर बंद. मीटर ठीक. चोरी नाही.
सात युनिटांचा हिशेब माझ्यापाशी आहे.
वरच्या दोनांबद्दल
मी अजून कोणाला विचारलेलं नाही.